सात महिन्यांचं सैंधव

तृप्ती मॅडमचं पेन थांबलं. तोवर सगळं छान चाललं होतं. सकाळी किती वाजता उठता, चहा किती, नाश्त्याला काय, पोळी की भाकरी, भाकरी कशाची, असं ती विचारत होती, मी सांगत होते आणि ती भराभर लिहीत होती. पोरगीच होती, माझ्या भाचीच्या वयाची. पण दारावर आहारतज्ज्ञ अशी पाटी होती म्हणून मॅडम म्हणायचं. "मीठ?" तिनं विचारलं. या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. मी जरा ताठ बसले आणि म्हटलं, "मीठ बंद. साफ बंद. सात महिने झाले, घरात मिठाची बरणीच ठेवलेली नाही. मी सगळं सैंधवात करते." तिथं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. "सैंधवात?" "हो. उपवासाला चालतं ते." "किती घालता, काकू?" "किती म्हणजे, चवीपुरतं. लागतं तेवढं." तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हणाली, "काकू, ते पण मीठच आहे. साध्या मिठात जे असतं तेच त्यात असतं. हार्टला त्यातला फरक कळत नाही."

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या क्षणी मला काय वाटलं ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आणि हाती काही लागलं नाही. तिच्या टेबलावर प्लॅस्टिकचे पदार्थ मांडून ठेवले होते, लोकांना किती खायचं ते दाखवायला. अर्धी वाटी भात, केळं, एक पोळी. मी त्या पोळीकडे बघत होते. चांगली गोल होती, मधे दोन करपल्याचे डागसुद्धा रंगवले होते. कुणीतरी बसून ते डाग रंगवले असतील, असं माझ्या मनात आलं. तृप्ती मॅडम बोलतच होती. दिवसभरात सगळं मिळून सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ, त्याच्यावर नाही. पापड, लोणचं, खारी, ब्रेड, फरसाण, सोडा घातलेलं काही, सगळं त्यातच धरायचं. चव हवी तर लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं, आलं, लसूण, कोथिंबीर. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, तेसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणायचं नाही, यांच्या गोळ्यांबरोबर ते बाधेल. मी मान डोलवत होते. अजूनही यातला शब्दन्‌शब्द मला पाठ आहे. कान चालू होते, बाकीची मी कुठं होते कोण जाणे. मग तिनं आवाज उतरवला. "मे महिन्यात ॲडमिट होते ना काका? फुफ्फुसात पाणी झालं होतं?" "हो." "आणि आता परत आठवड्यात दोन किलो वजन वाढलंय, पायांवर सूज आहे." "हो." तिनं पुढं काही विचारलं नाही. शहाणी पोरगी. दोन आणि दोन चार मलाही येतात. "काकांना मी समजावून सांगू का?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नको. मी सांगते."

काका म्हणजे धनराज, माझे यजमान. मी त्यांना 'हे' म्हणते. एकतीस वर्षं झाली, आता या वयात नावानं सुरुवात कुठं करू? हे शेजारच्या खोलीत इको काढायला गेले होते. जानेवारीत यांचं हृदय पंचवीस टक्के काम करतं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात टक्केवारीला फार महत्त्व आलं आहे. हे अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं लोकांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतला. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी माल परत. घरी मात्र कधी चूक काढली नाही आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. पुढं वाढलं ते खाल्लं, ताटाला नमस्कार केला, उठले. आता दर सकाळी हे काट्यावर उभे राहतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वजन लिहितात, दशांश चिन्हासकट. मग मी यांच्या घोट्यावर अंगठा दाबून बघते. अंगठा काढला की तिथं खड्डा राहतो. किती वेळ राहतो ते आम्ही दोघं बघत बसतो. गेल्या आठवड्यात तो फार वेळ राहायला लागला, म्हणून डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवायची गोळी वाढवली आणि मला म्हणाले, एकदा आहाराचंही नीट विचारून घ्या. मी हसतच गेले होते हो तिथं. परीक्षेला अभ्यास करून जातात तशी.

हे शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "काय म्हणाली तुझी मॅडम?" "काय म्हणणार, नेहमीचंच." "सांगितलंस ना, आमच्याकडे मीठच बंद आहे?" "सांगितलं," मी म्हटलं. यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग खिशात हात घालून रिक्षाला काय पडेल असं बडबडत पुढं चालायला लागले. दहा पावलं चालले की थांबतात. थांबलो असं दिसू नये म्हणून कशाकडे तरी बघतात, एखाद्या दुकानाची पाटी, एखादी मोटारसायकल. मीही थांबते आणि तिकडे बघते. मुंबई नाक्यावरून रिक्षा केली. इंदिरानगरच्या बोगद्याशी नेहमीसारखी गर्दी तुंबली होती, आणि हे रिक्षावाल्याला सांगत होते, "आपण काही खात नाही हो बाहेरचं. घरात मीठ नाही. पण हिच्या हाताला अशी चव आहे, की मिठाची आठवणच होत नाही." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. तोंडाला सवय झाली होती या वाक्यानंतर हसायची.

जानेवारीत दवाखान्यातून घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितलं होतं, पाणी सव्वा लीटर, मीठ कमी. आमच्याकडे कमी म्हणजे काय ते कुणाला कळत नाही. एकतर असतं नाहीतर नसतं. मी त्याच दिवशी मिठाची बरणी उचलली आणि शेजारच्या सिंधुबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. पान वाढताना पहिलं मीठ वाढायचं, डावीकडे वर, हे मला आईनं हात धरून शिकवलेलं. तो ताटाचा कोपरा रिकामा ठेवताना मला पहिले दोन दिवस कसंतरीच झालं. हे जेवायला यायचे. बसायचे, एक घास घ्यायचे, तो तोंडात इकडून तिकडं फिरवायचे आणि पाणी मागायचे. पाणीही मोजून. मी वांगं करून पाहिलं, मेथी केली, तांदळाची पेज केली. चार घासांवर कधी गेले नाहीत. मग एकदा दुपारी मी ताट घेऊन गेले तर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपले नव्हते, आणि म्हणाले, "ठेव तिथं." पंधरा दिवसांत गालांची हाडं वर आली. माणूस आजारानं जातो की न जेवता जातो, असं मी मनात म्हणत होते आणि स्वतःलाच चापट मारत होते. सिंधुबाई म्हणाल्या, "अहो, चिमूटभर टाका की, काय होतंय." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग महाशिवरात्र आली. माझं माहेर वणीचं. नवरात्रात देवीच्या गडावर जाणाऱ्यांची रीघ आमच्या दारावरून जायची, आणि आईचे उपवास असे कडक की बघणाऱ्यानं दमावं. आईच्या फडताळात सैंधवाचा डबा वेगळा, त्याचा चमचा वेगळा. साध्या मिठाचा चमचा चुकून त्याला लागला तर आई अख्खा डबा गायीपुढं रिकामा करायची आणि मला म्हणायची, "उपवास मोडला असता ना गं!" ज्यानं उपवास मोडतो ते मीठ आणि ज्यानं मोडत नाही ते सैंधव. पन्नास वर्षं या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू होत्या, तांदूळ आणि भगर वेगळे असतात तशा. शिवरात्रीला मी माझ्यापुरती भगर आणि दाण्याची आमटी केली, हे पलंगावरून म्हणाले, "मला दे थोडी." मी दिली. आमटी भुरकल्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला. यांनी वाटी बोटानं पुसून घेतली आणि म्हणाले, "आज जेवल्यासारखं वाटलं." मी ओट्याशी उभी होते, हातात सैंधवाचा डबा होता, आणि मला एकदम सुचलं. इतकं साधं कुणाला कसं सुचलं नाही, असंच वाटलं मला. दुसऱ्या दिवशी मी वरणात सैंधव घातलं.

मला खरंच माहीत नव्हतं का? रिक्षात बसल्या बसल्या मी हे स्वतःला विचारत होते, पण असं, की जणू दुसऱ्या कुणाची चौकशी चालली आहे. मी बी.ए. झालेली बाई आहे. अमोलला, माझ्या मुलाला, मी दहावीपर्यंत विज्ञान शिकवलं आहे. डॉक्टरांना विचारलं असतं, औषधाच्या दुकानात विचारलं असतं, अमोलला पुण्याला फोन करून विचारलं असतं, तर कुणीही अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. यांची भूक परत आली होती. आणि दुसरं एक आलं होतं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे माझी स्तुती करायला लागले होते. जिन्यात सिंधुबाई भेटल्या की, "मीठ नाही हो, पण काय चव!" यांचा कारखान्यातला मित्र यादव दर गुरुवारी भेटायला यायचा, त्याला आमटी प्यायला लावून, "सांग, मीठ आहे का यात?" तो बिचारा म्हणायचा, "वहिनींच्या हाताचा गुण आहे." मला लाज वाटायची आणि ती लाज मला गोड लागायची. तीस वर्षांत ज्या माणसानं आमटीला आमटी म्हटलं नाही, तो रोज ताट चाटूनपुसून वर माझ्याकडे बघत होता. मी रोज नवीन काय करू या विचारात असायचे. नागलीची भाकरी, भरली वांगी, उडदाचं घुटं, वालाचं बिरडं. आजारी माणसाच्या घरात सहसा नसतं एवढं सुख त्या तीन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात होतं. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस फार आवडले होते.

मे महिन्यात एका पहाटे हे उठून बसले आणि यांना श्वास घेता येईना. अमोल रात्रीच पुण्याहून आलेला होता म्हणून बरं, गाडी होती. दवाखान्यात मशीन लावली, नळ्या लावल्या, दोन दिवसांत चार किलो पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खारट खाल्लं का यांनी?" मी म्हटलं, "माझ्या घरात मीठच नाही, डॉक्टर." मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मी पाहिलं, अमोलनं पाहिलं. हे पलंगावर टेकून बसले होते, नाकात नळी. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "चिवडा खाल्ला. यादव आणायचा." मी किती बोलले! नर्स आत आली, बाहेर गेली, परत आली. मी थांबले नाही. मी इथं जीव काढतेय आणि तुम्ही चोरून खाता, तुम्हाला जगायचं नाही तर तसं सांगा, पोराच्या तोंडाकडे तरी बघायचं होतं. अमोलही म्हणाला, "बाबा, तुम्ही काय लहान आहात का?" हे मान खाली घालून ऐकत होते. बाहेर येऊन मी यादवभाऊंना फोन केला आणि त्यांना जे बोलू नये ते सगळं बोलले. ते शपथा घेत होते. "वहिनी, पोराची शपथ, मी कधी काही आणलं नाही." मी म्हटलं, आता शपथा खाऊ नका, पुरे झालं खाणं. त्यानंतर यादवभाऊ आमच्याकडे आले नाहीत. गुरुवारी हे गॅलरीत बसतात आणि खाली रस्त्याकडे बघतात.

त्रिमूर्ती चौकात रिक्षा वळली तेव्हा मी इथपर्यंत पोचले होते. यादवभाऊंनी चिवडा आणला नव्हता. सूज माझ्या डब्यातून आली होती. मग यांनी हो का म्हटलं? प्रश्न समोर स्पष्ट होता, उत्तरही त्याच्या मागंच उभं होतं, पण मला उठून दार उघडावंसं वाटेना. आमचं घर आलं, हे पैसे देत होते, सुट्यांवरून घासाघीस चालली होती, आणि मी यांच्या चपलेतून बाहेर आलेल्या सुजलेल्या पायाकडे बघत होते. पाय चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हता. माझ्या हातचं खाऊन तो असा झाला आहे, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हटलं. वाक्य बरोबर होतं, पण ते माझ्या अंगाला लागत नव्हतं.

संध्याकाळी मी मॅडमच्या कागदाप्रमाणे स्वयंपाक केला. मुगाची आमटी, तिला लसणाची फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून लिंबू आणि ओंजळभर कोथिंबीर. दुधीची भाजी, नागलीची भाकरी. सैंधवाचा डबा फळीवर होता, तिथंच राहू दिला. किती वेळा माझा हात सवयीनं तिकडं गेला आणि परत आला ते मी मोजलं नाही. आमटीत काय आहे आणि काय नाही हे यांना पहिल्या घासाला कळणार. मग हे विचारतील, आज चव का नाही. मग मी सांगणार, की सात महिने माझं चुकलं, आणि हे माझ्याकडे कसे बघतील? एवढ्याचीच मला भीती वाटत होती. यांच्या जिवाची वाटायला हवी होती, पण वाटत होती ती यांच्या नजरेची. साडेसातला मी ताट वाढलं आणि तव्यावर दुसरी भाकरी टाकून उभी राहिले.

यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. चावणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. गिळला. पाण्याचा छोटा पेला उचलून घोटभर पाणी प्याले. आणि म्हणाले, "सांगितलं वाटतं मॅडमनी."

आज चव का नाही, असं नाही विचारलं. काय झालं, असं नाही. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, जळका वास आला, तेव्हा मी गॅस बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"शिवरात्रीला आमटी दिलीस ना, तेव्हाच. अगं, मीठ ते मीठ. त्याला उपवास काय आणि पारणं काय."

"मग बोलला का नाहीत?"

हे ताटाकडे बघत होते. म्हणाले, "जेवायचं होतं गं मला." मग भाकरीचा तुकडा ताटात फिरवत, "ते पंधरा दिवस आठवतात ना तुला? मला वाटलं, असंच जगायचं असेल तर कशाला. आणि मग तू ती आमटी दिलीस. तू एवढी खुशीत होतीस. सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"आणि दवाखान्यात? यादवभाऊंचा चिवडा?"

"नव्हता चिवडा."

"मी तुम्हाला चार लोकांत वाटेल ते बोलले. त्या भल्या माणसाला फोनवर काय काय बोलले. तेव्हा तरी सांगायचं होतं."

"तेव्हा सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर तू परत कधी गॅस पेटवला असतास का?"

नसता पेटवला. हे खरं होतं, आणि ते इतकं बरोबर ओळखलेलं होतं की मी खाली फरशीवर बसले. मला वाटलं होतं, आता रडू येईल. आला राग. एकतीस वर्षांत यांच्यावर कधी आला नव्हता असा. कसली माझी दया केली यांनी? मला वाचवलं म्हणे! माझी चूक झाकली, मित्र गमावला, चार लोकांत मान खाली घातली, सगळं खरं. पण रोज रात्री पाय सुजताना बघून हा माणूस सकाळी पुन्हा म्हणत होता, वाढ, छान झालंय. आणि मी वाढत होते.

"म्हणजे मी तुम्हाला घासाघासानं मारत होते आणि तुम्ही वा वा म्हणत होतात," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

"कसं मग? तुम्हाला मरायचं होतं तर मरायचं. स्वतः डबा उघडून खायचं. माझा हात कशाला लावलात त्याला? उद्या तुमचं काही झालं असतं तर लोक मला म्हणाले असते, काय सेवा केलीत हो. आणि मी मिरवलं असतं!"

माझा आवाज बाहेर गेला असणार, कारण सिंधुबाईंकडच्या टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला. मी उठले. ताट यांच्यासमोर होतं, एक घास कमी असलेलं. मी म्हटलं, "जेवायचं तर जेवा, नाहीतर ठेवा. आणि उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा. आमटी, भात, जमेल ते. त्यात काय घालायचं, किती घालायचं, ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही कराल ते मी खाईन. मी आता त्या ओट्याशी जाणार नाही." यांना वाटलं असेल, रागात बोलतेय. मलाही तसंच वाटलं. पण सकाळी उठल्यावरही ते तसंच होतं. यांनी वजन लिहिलं, मी घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा पडला, आम्ही दोघांनी पाहिलं. मी चहा केला, कारण चहात मीठ नसतं. मग आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, हातात कालचा पेपर घेऊन. यादवभाऊंना फोन करायला हवा, हे मनात होतं. नंबर काढला, बघितला, फोन बाजूला ठेवला.

अकराच्या सुमाराला हे स्वयंपाकघरात गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. फार वेळ उभं राहवत नाही यांना. मग हाक. "मूग किती घेऊ?" "एक वाटी." "धुवायचे?" "धुवायचे." "कितीदा?" "पाणी स्वच्छ निघेपर्यंत." "पाणी किती घालू?" मी सांगितलं. "हळद?" "थोडी." "थोडी म्हणजे किती, मापात सांग." "पाव चमचा." कुकरच्या झाकणाशी झटापट झाली, एक पेला पडला, "काही नाही, काही नाही," असा आवाज आला. मी पेपरातली एकच ओळ वाचत होते. ओट्यावर बारा डबे आहेत आणि त्या प्रत्येकाच्या झाकणाचा आवाज मला डोळे मिटून ओळखता येतो. जिऱ्याचा उघडला. हळदीचा. साखरेचा चुकून उघडला, परत लागला. सैंधवाचा डबा मी मुद्दाम फेकला नव्हता; तो फळीवर होता, यांच्या हाताशी, आणि त्याचं झाकण घट्ट आहे, जोर लावून उघडावं लागतं. मी त्याची वाट पाहत बसले. तो उघडला असता तर मी काय केलं असतं? बहुतेक काहीच नाही. खाऊन घेतलं असतं. माझ्यानं आता यांना थांबवणं झालं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते दिसूनही मी शांत होते. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि त्या गोंगाटात काय उघडलं, काय लागलं, ते मला काही कळलं नाही.

साडेबाराला हे ताट घेऊन आले. दोन्ही हातांनी धरलेलं, आमटी काठापर्यंत आलेली, कपाळावर घाम. ताट माझ्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. बसले नाहीत. मी एकतीस वर्षं जशी उभी राहायचे तसेच, भिंतीला हात टेकून, पहिल्या घासाची वाट बघत. ताटाकडे बघून काही समजत नव्हतं. आमटी पिवळीधमक होती, हळद चांगलीच पडली होती, वर कोथिंबीर देठांसकट. मी भात कालवला आणि घास घेतला.

मूग कच्चे होते. भाताची खीर झाली होती. आणि मीठ नव्हतं. मी जिभेनं सगळीकडे शोधलं, घास दातांखाली धरून शोधला, कणभरसुद्धा नव्हतं. तृप्ती मॅडमनं दिवसाला अर्धा चमचा घालायला परवानगी दिली होती, यांनी तोही घातला नव्हता. "कसं झालंय?" यांनी विचारलं. काल दुपारपासून कुठंतरी तटलेलं सगळं एकदम वर आलं आणि मी तोंडात घास तसाच ठेवून रडायला लागले, आवाज करून, भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हे घाबरले. वाकून माझ्या ताटात बघायला लागले, चमच्यानं आमटी ढवळून बघितली.

"एवढं बिघडलंय का गं?" म्हणाले.

मी मान हलवली. घास गिळला, पदरानं तोंड पुसलं, आणि सरकून यांना पलंगावर जागा करून दिली.

"तुमचं ताट घेऊन या," मी म्हटलं. "थंड होतंय."